वरची चावी

शेगडी पेटवली की ते तिच्या दारापुढे उकिडवे बसायचे, उजव्या हाताची मागची बाजू लोखंडापासून वीतभर अंतरावर धरायचे आणि तोंड दुसरीकडे फिरवायचे. बराच वेळ तसेच. मी मागे उभी राहून काय करू, काय करू असं विचारत असायचे. ते न बघताच म्हणायचे, "थांब गं. त्याचं अजून ठरलं नाय."

त्याचं म्हणजे विस्तवाचं. विस्तवाला स्वतःचं काही ठरवायचं असतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी शिळफाट्याची. वडील टेंपो चालवायचे, घरी सिलिंडर, आणि मी नर्सिंगचा कोर्स केलेला. आमच्याकडे बटण फिरवलं की ज्योत येते आणि उलटं फिरवलं की जाते. मधे ठरवाठरवीला जागाच नाही.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना विचारावं एक आणि ती सांगतात भलतंच, आणि चार दिवसांनी कळतं की उत्तर तेच होतं. किंवा कळतच नाही. माझ्या बाबतीत दोन्ही झालं. शेगडीपुढे बसणाऱ्या त्या माणसाला आम्ही सगळे बाबा म्हणायचो. माथेरानच्या एका लहानशा बंगल्यात ते माळी होते, राखणदार होते, आणि नळ गळला तर प्लंबरही होते. गाव खाली, डोंगराच्या पायथ्याशी कर्जतच्या बाजूला. तिथे त्यांचं थोडं भातशेत. आठवड्यातून एकदा डोंगरवाटेने उतरायचे, दुसऱ्या दिवशी चढून यायचे. वय विचारलं तर म्हणायचे, "बंगल्याच्या पत्र्याला इचार, तो आन् मी एकाच वर्साचे."

मी तिथे गेले ती बाईंसाठी. बाई म्हणजे कर्जतच्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका, गणिताच्या. यजमान गेल्यावर त्या एकट्याच वर राहत होत्या. दमा जुना. पावसाळ्यात माथेरानला ढग घरात शिरतात, गादीला बुरशी येते, आणि बाईंची छाती वाजायला लागते. डॉक्टरांनी बाईंच्या मुलाला स्पष्ट सांगितलं होतं की यांना वर ठेवायचं तर खोली कोरडी आणि उबदार पाहिजे, आणि धूर अजिबात चालणार नाही. मुलगा दूर, थंड देशात. त्याने पुण्यातल्या एका वृद्धाश्रमात नाव नोंदवून ठेवलं होतं. आईच्या हट्टापायी एक वर्ष थांबायला तयार झाला, मला नेमलं, आणि लोखंडी शेगडी पाठवली. ही शेगडी नीट चालली तर बाई घरात राहणार होत्या, नाही चालली तर पुण्याला जाणार होत्या. इतकं सरळ होतं सगळं. यात गोंधळायला जागा आहे असं वाटत नव्हतं.

शेगडी भाद्रपदात आली. माथेरानला गाडी चालत नाही, त्यामुळे चार हमालांनी ती बांबूला बांधून, मधे मधे टेकवत, गाड्या थांबतात त्या नाक्यावरून चालत आणली. मिरवणूकच ती. दुकानदारांनी बाहेर येऊन पाहिली. कुणाला ती तिजोरी वाटली. पुढे काचेचं दार, मागून वर जाणारं पत्र्याचं धुरांडं, आणि दोन चाव्या. एक दाराच्या खाली, आत हवा सोडायची. दुसरी धुरांड्याच्या पोटात, उभी केली की उघडी, आडवी केली की बंद. सोबत पुस्तक होतं, त्यात नुसती चित्रं, आणि खाली कुठल्या तरी भाषेतली अक्षरं. भाषा ओळखू येईना म्हणून बाईंनी भिंग आणलं. तरी येईना.

पहिल्या दिवशी मी चुलीसारखी मांडणी केली. खाली कागद, त्यावर काटक्या, त्यावर जाड लाकूड. काडी लावली आणि पाच मिनिटांत खोलीत कोण कुठे आहे ते दिसेना. बाईंना पडवीत नेऊन बसवलं, दम्याचा पंप दिला. त्यांचे ओठ निळसर झाले होते. मी घाबरले होते आणि त्या मला धीर देत होत्या.

मग सल्ले सुरू झाले. मुलगा फोनवर म्हणाला, दोन्ही चाव्या पूर्ण उघड. दुकानदाराने फोनवर सांगितलं, वरची अर्धी बंद ठेवा. लाकडं आणणारा घोडेवाला म्हणाला की लाकूड आंब्याचं आहे, ते धूर करणारच, ऐनाचं आणा. मी वहीत सगळं लिहून घेतलं. चार दिवसांनी वहीत एकमेकांविरुद्ध अकरा सूचना होत्या आणि त्या प्रत्येकीप्रमाणे वागून मी धूरच काढला होता. बाबा रोज दारात उभे राहून बघायचे. बोलायचे काहीच नाहीत. मला त्यांचा राग यायचा.

पाचव्या दिवशी त्यांनी वहाणा काढल्या, आत आले आणि विचारलं, "राब भाजताना पायलायस कदी?"

मी म्हटलं, लांबून, गाडीतून. वैशाखात शेतांतून धूर निघताना दिसतो तो राब, एवढं माहीत होतं. भाताचं बी पेरायच्या आधी त्या तुकड्यावर शेण, झाडांचा टाळ म्हणजे छाटलेल्या फांद्या, गवत आणि वर माती असे थर घालतात आणि ते जाळतात, म्हणजे जमीन भाजून निघते, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. पुढे म्हणाले, "वारा जिकडनं येतो तिकडनं इस्तू लावायचा नाय. वारा जातो त्या टोकाला लावायचा. मग तो वाऱ्याला तोंड देत, दमानं मागं येतो." मग शेगडीकडे बोट दाखवून विचारलं, हिच्यात वारा कुठून कुठे जातो? मी म्हटलं, खालून वर. तर म्हणाले, मग तू खाली काय लावतेस?

त्यांनी जाड लाकडं खाली रचली, त्यावर बारीक, त्यावर काटक्या, आणि सगळ्यात वर पेंढ्याची मूठ ठेवून वरून काडी लावली. मला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. आग वरून खाली जाते का कुठे? ती गेली. मेणबत्तीसारखी हळूहळू उतरत गेली, आणि खोलीत धुराचा वाससुद्धा आला नाही. मी पुस्तक उघडून पाहिलं. दुसऱ्याच पानावर चित्र होतं, लाकडं खाली आणि ज्वाळा वर. पहिल्या दिवशी ते मी पाहिलं होतं आणि छापताना चूक झाली असं समजून पुढे गेले होते.

त्या दिवसापासून शेगडीचे गुरू बाबा. गाद्या कोरड्या झाल्या. बाई रात्री आडव्या झोपायला लागल्या, आधी बसून झोपायच्या. मुलाने व्हिडिओ कॉलवर आईच्या गालावरचा रंग पाहिला आणि पुण्याचं नाव काढलं नाही. मीही शिकत होते. हात लोखंडापुढे धरून तोंड फिरवून बघितलं. मला गरम लागायचं, त्यापलीकडे काही कळायचं नाही. "काय सांगतो?" बाबा विचारायचे. मी म्हणायचे, काही नाही. "मंग त्याचं ठरलं नसंल," असं म्हणून ते माझी लाज राखायचे.

पण राबाचा दुसरा अर्धा भाग राहिला होता. राबावर माती का घालतात? आग भडकू नये, आत धुमसत राहावी, ऊब जमिनीत मुरावी म्हणून. बाबांच्या मनात आग म्हणजे झाकून ठेवायची वस्तू. ज्वाळा दिसली की त्यांना ते वाया गेलेलं लाकूड वाटायचं. थंडी पडली तसं ते दुपारी निखाऱ्यांवर राखेचा थर द्यायला लागले, त्यावर ओलसर पाला, खालची चावी बंद, वरची आडवी. संध्याकाळपर्यंत शेगडी गरम. लाकूड निम्म्यावर आलं. आम्हा तिघांना वाटलं की आम्ही त्या थंड देशातल्या लोकांनाही मागे टाकलं.

बाईंचं डोकं दुखायला लागलं. मी रक्तदाब पाहिला, ठीक. साखर पाहिली, ठीक. चष्म्याचा नंबर बदलला असेल असं ठरवलं. मांजर खोलीत यायचं बंद झालं, त्याचं कारण आम्ही मांजराच्या स्वभावात शोधलं. कोर्समध्ये मला शिकवलं होतं की कोंडलेल्या विस्तवाचा वायू येतो, त्याला रंग नाही, वास नाही. परीक्षेत मी तो प्रश्न सोडवलाही होता. पण तो प्रश्न पुस्तकात होता, आणि ही तर बाबांची शेगडी होती.

पौषातली एक सकाळ. मला बाजारातून बाईंचं औषध आणायचं होतं. निघताना मी आपणहून वरची चावी आडवी केली, ऊब टिकावी म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं. आता मला जमतं याचा मला अभिमान वाटत होता. बाबा मागे लाकडं फोडत होते. मी तासाभराने परतले तेव्हा ते खोलीच्या उंबऱ्यावर बसून पेंगत होते, आणि बाई खुर्चीत मान टाकून, गाल लाल, हाक मारली तरी उत्तर नाही.

खिडक्या कशा उघडल्या, खुर्ची पडवीत कशी ओढली, मला आठवत नाही. बाबा धडपडत उठून मदतीला आले आणि दोनदा भिंतीवर आदळले. मोकळ्या हवेत बाईंना उलटी झाली, मग त्यांनी डोळे उघडले. दवाखान्यात दोन दिवस प्राणवायूवर होत्या. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास झाला असता तर आपण वेगळं काही बोलत असतो. नंतर धुरांडं काढून पाहिलं तर आत बोटभर डांबर. रोज धुमसवून धुमसवून आम्ही ते जमवलं होतं.

मुलाचा फोन आला तो मी मोठ्या आवाजावर ठेवला. त्याने एकच विचारलं, वरची चावी कुणी बंद केली?

माझं तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगते. पण बाबा टोपी हातात घेऊन पुढे झाले. "मी केली सायेब. वरची, खालची, दोनी. पोरगी बाजारात व्हती."

आणि मी गप्प बसले. नोकरी जाईल म्हणून, नर्स असून हे केलं असं म्हणतील म्हणून. पलंगावरून बाई आमच्याकडे बघत होत्या. त्याही गप्प होत्या. त्या दमल्या असतील असं मला वाटलं. मुलाने बाबांना शेगडीला हात लावायची बंदी केली, भिंतीवर वायूची सूचना देणारं यंत्र बसवायला सांगितलं, आणि बाईंना आणखी एक संधी दिली.

बाबांनी बंदी इतकी पाळली की ते खोलीतच येईनात. बाहेर जांभळाखाली एक ओंडका टाकून बसायचे आणि धुरांड्याकडे बघायचे. मी आत शेगडी लावायची आणि ते बाहेरून ओरडायचे. धूर पांढरा आला की लाकूड ओलं. काळा आला की हवा कमी. "वरची उघड गं." मग थोड्या वेळाने, "आता दिसंना. आता बरा हाय." चांगल्या विस्तवाला धूर दिसतच नाही, हे मला आतून कधी कळलं नसतं. आता ते झाका असं म्हणत नव्हते. त्यांचं त्यांनी काय बदललं, कधी बदललं, ते बोलले नाहीत. मी खऱ्या अर्थाने शेगडी शिकले ती थंडीच्या उरलेल्या दोन महिन्यांत, भिंतीच्या पलीकडून. आणि रोज मनात ठरवायचे की आज सांगते, आणि सांगायचे नाही.

वैशाखात ते राब भाजायला खाली निघाले. मी बाईंची परवानगी काढून त्यांच्यासोबत उतरले. सांगितलं की राब बघायचाय. दुपार कलली होती. त्यांनी ओंजळभर धूळ सोडून वारा पाहिला, वारा जातो त्या टोकाला पलिता लावला आणि मागे सरून बसले. आग जमिनीला चिकटून, मातीखालून, मुंगीच्या चालीने आमच्याकडे यायला लागली. त्यांनी हात पुढे धरला आणि तोंड फिरवलं. तोंड माझ्याकडे झालं. तेव्हा मी सांगितलं, वरची चावी त्या दिवशी मी बंद केली होती, बाजारात जाताना.

मला वाटलं ते हसतील, किंवा म्हणतील की मला ठाऊक होतं. ते चिडले. त्यांना चिडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"मी केलेली ती," ते म्हणाले. "राख टाकली, मंग वरची लावली. मी काय इसरलो काय?"

मी म्हटलं, बाबा, आधीच बंद होती, मी केली होती.

"माज्या हातची चूक हाय. तू कशाला घेतेस गं ती?"

ते मला वाचवत होते, का खरंच त्यांना तसं आठवत होतं? अलीकडे ते वस्तू ठेवून विसरायचे, कोयता हातात असताना कोयता शोधायचे. पण चाळीस वर्षं ज्या घराची राखण केली त्या घरात आपल्या हातून काहीच झालं नाही, चूकसुद्धा नाही, हे त्यांना चालणार नव्हतं असं मला कधी कधी वाटतं. कधी वाटतं, मीच हे सगळं त्यांच्यावर लादते आहे. राब पूर्ण भाजून होईपर्यंत आम्ही शेजारी बसलो होतो. निघताना त्यांनी चार कैऱ्या माझ्या पिशवीत घातल्या.

वर आल्यावर मी बाईंना सगळं सांगितलं. आता नोकरी गेली तरी चालेल, असं मन घट्ट करून. बाईंनी ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "अगं, ती चावी मी बंद केली होती."

बाई म्हणाल्या, तू गेल्यावर माझ्या पायांना गार लागायला लागलं. बाबा राख टाकून मागे गेला होता. मी खुर्चीतूनच माझ्या काठीने वरच्या चावीची दांडी सरकवली. फोनवर बाबा बोलला तेव्हा सांगणार होते, पण मी शेगडीला हात लावते हे कळलं असतं तर मुलाने दुसऱ्या दिवशी मला पुण्याला नेलं असतं. मला इथून जायचं नव्हतं. म्हणून मी बाबाला बोलू दिलं. हे सांगताना त्यांचा आवाज शाळेतला राहिला नव्हता.

मग बाईंनी कागद घेतला. गणिताच्या असल्यामुळे त्यांना राहवेना. चावी उघडी होती, तू आडवी केलीस, म्हणजे बंद. बाबाने ती सरकवली असेल तर उघडली. मी सरकवली तर पुन्हा बंद. बाबाने नसेल सरकवली तर मी उघडली. मग ती बंद कशी सापडली? ती बंदच सापडली होती का, हे तरी तुला आठवतं का? खुर्ची ओढताना मी धुरांड्याकडे पाहिलंच नव्हतं. एक चावी, बंद करणारे तिघं, आणि कागदावर सगळ्या खुणा करूनही उत्तर येईना. बाईंनी कागदाची घडी करून पुस्तकात ठेवली. गणित सोडून दिलेलं मी त्यांना तेवढ्या वेळीच पाहिलं.

संध्याकाळी त्यांनी मुलाला फोन लावला आणि सांगितलं, मी केलं होतं. मी शेजारून म्हटलं, मीसुद्धा. पुण्याचं नाव येणार म्हणून बाईंनी माझा हात धरला होता. शेवटी तो म्हणाला, "मग बाबांना शेगडी लावू द्या की. मी उगाच त्या माणसाला बाहेर बसवलं."

घोडेवाल्याबरोबर बाबांना गावी निरोप पाठवला. उत्तर आलं की लावणी झाली की येतो. लावणी झाली. त्यानंतर आठ दिवसांनी बाबांचा मुलगा पाऊस अंगावर घेत चढून आला आणि पडवीतच उभा राहिला. बांधावरून घरी आले, अंग शेकायला चुलीपुढे बसले, आणि बसल्या बसल्याच गेले, असं त्याने सांगितलं. हात पुढे धरलेला होता का, हे विचारायचं माझ्या अगदी ओठावर आलं. मी त्याला कोरडे कपडे दिले. निरोप त्यांना नीट कळला होता ना, एवढंच विचारलं. तो म्हणाला, कळला असंल. हसत व्हते.

नंतर मी शेगडी लावली तेव्हा सगळं त्यांच्याप्रमाणे केलं. जाड खाली, काटक्या वर, वरून काडी. हात धरला, तोंड फिरवलं, गरम लागलं, बाकी काही नाही. बाहेर धूर कसा आहे हे सांगायला कुणी नव्हतं. मी छत्री घेऊन अंगणात गेले आणि जांभळाखालच्या ओंडक्याजवळ उभी राहिले. ओंडक्यावर शेवाळ आलं होतं. धुरांड्यातून काळा लोट निघत होता, म्हणजे वरची अर्धवट राहिली होती. आत जाऊन उघडावी तर बाहेर बघणार कोण, आणि बाहेर थांबावं तर आत करणार कोण, अशी मी दोन पावलं आत, दोन पावलं बाहेर करत होते. खिडकीतून बाई हे बघत होत्या.

"कोणती?" त्यांनी आतून विचारलं.

मी ओरडून सांगितलं, "वरची उघडा बाई."

काठी लोखंडावर वाजल्याचा आवाज आला. धूर करडा झाला, मग पातळ, मग दिसेनासा झाला. चावी कुणी सरकवली हे या वेळी तरी मला नक्की माहीत होतं, आणि ते ज्यांना सांगावं असे बाबा ओंडक्यावर नव्हते.